भिंतीवरचा तक्ता मी अण्णाला वाचून दाखवला

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि रोज सकाळी किल्ल्यावर फिरायला बरोबर असतात त्या चौघांना तर नाहीच नाही — त्यांच्या कानावर सात वाजता घातलेली गोष्ट नऊला साताऱ्याच्या राजवाड्यावर टपरीत चहाबरोबर मिळते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून सांगतो. आधीच सांगून ठेवतो, यात एक पोपट आहे. हसू येईल तुम्हाला. हसा की! मीसुद्धा बरेच दिवस हसण्यावारीच नेलं होतं.

पोपट म्हणजे आपला हिरवा, लाल चोचीचा नव्हे. तो पाळायला कायद्यानं बंदी आहे, आणि मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, असला बेकायदेशीर पोपट दारातसुद्धा उभा करणार नाही. हा परदेशी. कॉकाटील म्हणतात त्याला. अंग राखाडी, तोंड पिवळं, गालावर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. साताऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्यानं राहायचं, नवरा शिरवळच्या कारखान्यात होता. त्याची बदली झाली गुजरातला, आणि जाताना त्यानं पक्षी, पिंजरा, राळ्याच्या दाण्यांची अर्धी पिशवी आणि पक्ष्याचे रीतसर कागद असं सगळं माझ्या हवाली केलं. कागद आहेत म्हटल्यावर मी विरघळलो. "काका, आठवड्यात तुमचा होईल बघा," म्हणाला.

आठवडा! दीड महिना झाला तरी तो माझ्याकडे असा बघायचा, की मी पिंजऱ्याची जप्ती करायला आलोय.

मी काय काय केलं म्हणून सांगू? मोबाईलवर व्हिडिओ बघितले. एकात सांगितलं होतं, पक्ष्यासमोर बसा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि पापण्या सावकाश मिटा, सावकाश उघडा. मी खुर्ची टाकून तासन् तास पापण्या मिटत-उघडत बसायचो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी सुमनला — सुमन म्हणजे माझी बायको — बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना काही झटका-बिटका येऊन गेला का?" पेपर वाचून दाखवला. शीळ घातली. एकदा कंदी पेढ्याचा कण दिला, त्यावरून सुमननं माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. आणि तो? तो तुरा डोक्याला चप्प चिकटवायचा आणि फिस्स करायचा, कुकर शिट्टी द्यायच्या आधी करतो तसं. बोट पुढं केलं की चावलाच. उजव्या हाताच्या तर्जनीनं जन्मभर टाईप करून जेवढं सोसलं नव्हतं तेवढं त्या दीड महिन्यात सोसलं.

मग मी तक्ता केला. नोकरीची सवय — एखादी गोष्ट जमत नसली की मी तिचा तक्ता करतो. पांढरा कार्डपेपर, लाल-निळी शाई, दोन रकाने. डावीकडं 'लक्षण', उजवीकडं 'अर्थ'. तुरा चप्प म्हणजे राग किंवा भीती, तुरा अर्धा म्हणजे निवांत, असं सगळं व्हिडिओ थांबवून-थांबवून उतरवलेलं. पिंजऱ्याशेजारी खिळा ठोकून लावला. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सुमननं तो तक्ता कधी वाचला नाही. माझ्या हातचं काही वाचायचं नाही असा तिचा लग्नापासूनचा नेम आहे. किराणामालाची यादीसुद्धा ती तोंडी घेते.

मी मुद्द्याला बगल देतोय, कळतंय मला. येतो.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं गाव माण तालुक्यात, घराणं मेंढरामागचं. अण्णा दुसरीत आणि मी नुकताच पाटी घेऊन जायला लागलेलो, तेव्हा वडील दरडीवरनं पडले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. मेंढरामागं कुणीतरी जायला पाहिजे होतं. "बाळूला शिकू द्या, मी जातो," असं अण्णा म्हणाला. त्याला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. पाटीवरचं होतं नव्हतं ते तो वर्षभरात विसरला. पण मेंढराच्या नुसत्या चालीवरनं त्याच्या पोटात काय बिघडलंय ते सांगायचा. मेंढी कोकराला पाजंना की लोक लांबून त्याला न्यायला यायचे. बाजारात जनावर घ्यायचं तर अण्णा बरोबर पाहिजे. तो "नगं" म्हणाला तर विकणारासुद्धा हुज्जत घालायचा नाही.

आणि लिहिलेलं काही आलं की ते माझ्याकडं. सातबारा, औषधाची बाटली, लग्नपत्रिका, एस.टी.ची पाटी. मी वाचायचो, तो ऐकायचा आणि उठायचा. तेच पुन्हा दुसऱ्या कुणाला विचारलंय असं कधी झालं नाही. कधीच नाही.

वहिनी गेल्या, मग त्याचे गुडघे गेले. मेंढरं विकली, दहा-बारा तेवढी आमच्या चुलत पुतण्यानं, तानाजीनं, ठेवून घेतली. सुमन म्हणाली, "भावजींना इकडंच आणा, तिथं एकटे काय करणार?" दिवाळीनंतर मी त्याला साताऱ्याला आणला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पहिले चार दिवस गॅलरीत उभा. पाचव्या दिवशी मला विचारतो, "बाळू, हितं माणसं दिवसभर करत्यात काय रं?" मी पापण्या मिटत बसलो होतो.

मग त्याचं लक्ष पिंजऱ्याकडं गेलं. "ह्यो कसला पोपट? ह्येला तर तुरा हाय. कोंबड्याच्या घरात शिकाया हुता का काय?" आणि माझ्याकडं बघून, "आणि तू कसायागत काय डोळं लावून बसलायस? त्येला वाटत आसंल, ह्यो आज कापतुय का उद्या. नव्या जनावराकडं पाठ करून बसावं गड्या. आपुन त्येला बघायचं न्हाई. त्येनं आपल्याला बघायचं."

असं म्हणून त्यानं माझी खुर्ची बाजूला सारली, खाली घोंगडी टाकली आणि पिंजऱ्याकडं पाठ करून बसला. दोन दिवस. नुसता घोंगडीचे गोंडे वळत बसायचा, मधनंच जिभेनं टकटक करायचा. मी मनात म्हटलं, बस बस. मी व्हिडिओ बघून दमलो, तू पाठ दाखवून काय दिवे लावणार?

तिसऱ्या दिवशी पोपटानं शीळ घातली. दीड महिन्यात पहिल्यांदा! अण्णानं मागं बघितलंसुद्धा नाही. सुमनला पंखा बंद करायला, खिडक्या लावायला सांगितलं आणि पिंजऱ्याचं दार उघडून पुन्हा पाठ करून बसला. तो पक्षी बाहेर आला, घोंगडीवरनं टुकूटुकू चालत गेला, गुडघ्यावर चढला, तिथनं खांद्यावर, आणि खांद्यावरनं थेट पटक्यात जाऊन बसला. "या पावणं, या," अण्णा म्हणाला. तेव्हापासून त्याचं नाव पावणं. आणि अण्णा हसला. वहिनी गेल्यावर मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. सुमनच्या डोळ्यांना पाणी आलं.

मला काय वाटलं असेल? सांगतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिंजरा माझ्या घरात, कागद माझ्या नावावर, व्हिडिओ मी बघितले, बोट माझं फुटलं — आणि हा अडाणी माणूस पाठ करून बसला आणि झालं? अडाणी हाच शब्द मनात आला माझ्या. लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पावण्यानं अण्णासमोर मान खाली घातली, पिसं फुलवली आणि तसंच थांबलं. अण्णा नखानं त्याच्या मानेवर हळूहळू खाजवू लागला, कोकराला खाजवतात तसं. मला म्हणाला, "बाळू, मला वाटतंय ह्येला आवडतंय. तुझ्या तक्त्यात काय लिवलंय बघ की." त्याला माझ्या तक्त्याचं केवढं कौतुक! आल्या दिवशीच त्यावरनं हात फिरवून म्हणाला होता, "काय अक्षार हाय रं."

तक्त्यात लिहिलं होतं: मान खाली घालणे — पूर्ण विश्वास, खाजवून हवे आहे. मी चष्मा लावला. बोट त्या ओळीवर ठेवलं. आणि वाचलं — "मान खाली घालणे. राग. हल्ल्याची तयारी."

कसं बोललो? ठरवून बोललो का? नाही. आणि हो. तोंडातनं निघालं आणि निघाल्यावर मला बरं वाटलं. अण्णानं बोट काढून घेतलं. "आसं हाय व्हय? मी मेंढरावरनं धरून चाललो की रं." पावणं बिचारं मान घालून तसंच उभं.

एकदा जीभ सैल झाली की मग काय? दुपारी पावणं पटक्यात बसून डोळे अर्धे मिटायचं आणि चोच कराकरा वाजवायचं. तक्ता म्हणतो, समाधान, झोप येत आहे. मी वाचलं, "दातओठ खाणे." पक्ष्याला दात असतात का हो? अण्णानं तेही विचारलं नाही. लिहिलेलं आहे ना, मग असतील. सुमन आतनं म्हणाली, "काहीतरीच काय, पाखरानं जीव लावलाय भावजींना." मी म्हणालो, "शास्त्र वेगळं सांगतं." अण्णानं आमच्या दोघांकडं बघितलं आणि शास्त्राचं ऐकलं. तो आता हात पुढं करताना बिचकायचा. ज्यानं बिथरलेले मेंढे शिंगाला धरून बसवले, तो मूठभर पाखराला बिचकायला लागला, आणि मला त्याची गंमत वाटायची. फिरायला जाताना आठवून हसायचो मी.

यापुढचं सांगायला जड जातंय. पण इथवर आलोय तर सांगतो.

एका सकाळी अण्णा दाणे घेऊन बसला होता. पावणं त्याच्या मनगटावर आलं, मान वर-खाली, वर-खाली करायला लागलं आणि घशातनं भिजलेले दाणे काढून त्यानं अण्णाच्या तळहातावर ठेवले. एक, दोन, तीन. तक्त्यात ही शेवटची ओळ होती. लाल शाईनं अधोरेखित केलेली. दाणे काढून देणे — सर्वांत मोठी खूण, आपल्या माणसाला भरवतो. ती ओळ मी किती आशेनं लिहिली होती! अण्णा माझ्याकडं बघत होता. डोळे असे, की आता तरी काही चांगलं लिहिलेलं असंल.

मी वाचलं, "उलटी. माणसाच्या अंगाचा वास सहन होत नाही."

तो हातावरच्या दाण्यांकडं बघत राहिला. मग उठला, मोरीत हात धुतला आणि म्हणाला, "घोंगडीचा आसंल. मेंढराचा वास जात न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी घोंगडी माळ्यावर. पटका तिच्यात गुंडाळून माळ्यावर. सुमनचा वासाचा साबण मागून घेऊन दोनदा आंघोळ केली त्यानं, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं. माझा जुना ऑफिसचा शर्ट घातला. उघड्या डोक्यानं, केस चप्प बसवून, शाळेत पहिल्या दिवशी पोर उभं राहतं तसा पिंजऱ्यापाशी आला आणि बोट पुढं केलं. "ये पावणं. आता न्हाई वास यायचा."

पावण्यानं असला माणूस जन्मात बघितला नव्हता. ना पटका, ना घोंगडी. तुरा चप्प, फिस्स, आणि कडकडून चावलं.

अण्णानं बोटावरचं रक्त बघितलं. मग तक्त्याकडं बघितलं. मग मला म्हणाला, "लिवल्यालं खरं हाय रं बाळू. मलाच जनावराचं कळंना झालंय."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. एक वाक्य, 'अण्णा, मी खोटं वाचलं' — चार शब्द झाले. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढल्या, ही काढता आली नाही? नाही आली. सुमनच्या माहेरची, इस्लामपूरची हळद होती घरात. ती आणली आणि त्याच्या बोटावर दाबली. तेवढं केलं. तो म्हणाला, "तुला तरास."

चार दिवसांत तो गावी निघाला. तानाजीला मेंढरांचं जमंना, असं कारण सांगितलं. प्रवासाला म्हणून पटका पुन्हा बांधला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि निरोप घ्यायला पिंजऱ्यासमोर आला. चार हात लांबच उभा राहिला. पावण्यानं पटका बघितला मात्र — दांडीवरनं या टोकाला धावत आलं, शीळ घातली आणि तारेला डोकं लावून मान खाली घातली.

अण्णा एक पाऊल मागं सरला. "आजून राग हाय त्येचा," म्हणाला. "येतू पावणं. चुकलं माकलं पोटात घाल." एका पाखराची माफी मागून तो जिना उतरला. मी पिशवी धरली होती. स्टँडवर त्याला दहिवडीच्या गाडीत बसवलं, पाटी मीच वाचली, आणि ती खरी वाचली.

पावणं पुढं कितीतरी दिवस जिन्यात काठी वाजली की शीळ घालायचं. तळमजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत येतात. आता माझ्या बोटावर बसतं, चावत नाही. मान मात्र माझ्यासमोर त्यानं आजवर कधी खाली घातलेली नाही. तक्ता मी काढून टाकला. सुमननं विचारलं तर सांगितलं, खिळा सैल झाला होता.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या महिन्यात गावच्या जत्रेला गेलो. सकाळी तानाजीच्या दारात एक जण मेंढा घेऊन आला, विकायला. कळपाला मेंढा हवाच होता. चार माणसं जमली आणि सवयीप्रमाणं सगळी कट्ट्यावर बसलेल्या अण्णाकडं बघायला लागली. तो उठला नाही.

"बाळूला दावा," म्हणाला. "त्येला शास्त्र ठावं हाय. माझं आता काय खरं न्हाई."

तानाजी हसला. त्याला वाटलं, अण्णा थट्टा करतोय. अण्णा थट्टा करत नव्हता. जागचा हललाही नाही तो. हात मांडीखाली घालून बसला होता.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी उठलो. चष्मा लावला. मेंढ्याचा ओठ वर करून बघितला. दात होते, एवढं कळलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तो माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघत होतो. पाठीवर हात फिरवला. धडधाकट होता का आजारी, म्हातारा होता का तरणा, मला काय ठाऊक?

"हरकत नाही," मी म्हणालो.

"बाळू म्हणतुय तर घ्या," अण्णा म्हणाला, आणि तानाजीनं मेंढा आत नेऊन बांधला.